मदत हवी आहे: अल्टरनेटर बदललेल्या 407 ला बेल्ट कोणत्या मापाचा?

मंडळी, गाडी टाटा 407, तासगावची. द्राक्षं-बेदाण्याची भाडी मारतो. आधीच्या मालकानं दुसऱ्या गाडीचा मोठा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा डायनामो) टाकलाय, ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घेतलंय. त्यामुळं अल्टरनेटर मूळ जागेपासून बराच बाहेर आलाय. बेल्ट एकच; क्रँक पुली (इंजिनाची मुख्य पुली), वॉटर पंप, अल्टरनेटर असा तिकोनी फिरतो.

त्याच्या कडा आता चकाकायला लागल्यात, ब्रॅकेटवर काळी भुकटी साचते आणि रात्री हेडलाइट लावून चढाला लागलं की किंचाळतो. वरचे आकडे केव्हाच पुसून गेलेत.

दुकानात पहिला प्रश्न, "मॉडेल कुठलं?" मॉडेल सांगितलं की कंपनी मापाचा बेल्ट हातात, आणि तो पुलीवर चढतच नाही. म्हणून अल्टरनेटर ताण कमी-जास्त करायच्या स्लॉटच्या मध्यावर धरला आणि शिंप्याच्या टेपनं तिन्ही पुल्यांवरून माप काढलं. 44 इंच. दुकानदारानं ए-44 दिला. तो चढला, पण अल्टरनेटर पार टोकाला ओढला तरी लोंबतोय. असं कसं?

घाई एवढ्यासाठी की ब्रेकला जोर देणारा व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला आहे. चार्जिंग गेलं तर एक वेळ निभावेल, पण कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकचं पेडल दगड झालं तर? चिपळूणचं भाडं घेऊन ठेवलंय.

प्रतिसाद:
दादा, टेप बरोबर आहे. ए-44 मधले 44 इंच ही बेल्टची आतली लांबी असते, तुम्ही मोजली बाहेरून. ए सेक्शनच्या, म्हणजे 13 मिमी रुंदीच्या बेल्टची जाडी 8 मिमी, त्यामुळं आतल्या-बाहेरच्या लांबीत साधारण 50 मिमी, म्हणजे दोन इंचांचा फरक पडतो. तुमच्या मापाला ए-42 येईल.

पण हा ए मापाचा, गिरणी-मोटरचा बेल्ट इंजिनाला घालू नका. त्या उष्णतेत आणि तेलात तो टिकत नाही. गाडीचा दातेरी (आतून खाचा असलेला) बेल्ट मागा, लहान पुलीवर तो नीट वळतो. त्यावर 13×1075, 13×1125 असं छापलेलं असतं. 13 ही वरची रुंदी, पुढचा आकडा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. पुढं 'एलए' असेल तर लांबी बाहेरची. तुमचे 44 इंच म्हणजे साधारण 1118 मिमी, तेव्हा 13×1125 घ्या, उरलेलं स्लॉट सांभाळेल. दुकानात मॉडेल सांगूच नका, नुसता आकडा सांगा.

दुसरा प्रतिसाद:
लांबीचं झालं, पण किंचाळणं लांबीनं थांबेलच असं नाही. अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा आहे ना? मग त्याच्या पुलीची खाच बघा. 10 मिमीच्या बेल्टसाठी केलेली असेल तर 13 चा बेल्ट वरच तरंगतो, अर्ध्याच कडा पकडतात. उलट खाच रुंद असेल तर बेल्ट बुडाला टेकतो आणि घसरतो. बेल्टची पाठ पुलीच्या काठाशी जवळपास सपाट बसली पाहिजे. शिवाय क्रँक पुलीच्या तोंडावर सरळ लोखंडी पट्टी धरून तिन्ही खाचा एका रेषेत आहेत का तेही बघा. घरगुती ब्रॅकेटची खोड तिथंच असते.

आणि आवाज बंद करायला बेल्ट आवळत बसू नका, वॉटर पंपाचं बेअरिंग जाईल. लांब बाजूवर अंगठ्यानं दाबून बोटाच्या जाडीएवढा खाली गेला की बास.

धागाकर्ता:
आत्ताच टॉर्च मारून बघितलं. क्रँकवर बेल्ट काठाबरोबर आहे, अल्टरनेटरवर निम्मा वर आलाय! जुना अल्टरनेटर गोडाऊनला पडून आहे, त्याची पुली याला बसेल काय?

दुसरा प्रतिसाद:
शाफ्टची जाडी आणि चावी (पुली शाफ्टवर अडकवणारा लोखंडी तुकडा) जुळली तर बसेल. आधी वर्निअर लावून माप घ्या. पुली मोठी निघाली तर लांबी परत मोजा, 1125 आत्ताच आणू नका. बेल्ट बदलून गाडी पाटणपर्यंत रिकामी फिरवा, परत एकदा ताण बघा आणि मगच चिपळूणचा माल भरा.