अनुभव धागा: आल्प्सच्या दरीतले पाणी

मार्लेश्वरचा धारेश्वर आणि आंबोलीचा धबधबा पाहत वाढलेल्या आपल्यापैकी ज्यांनी स्वित्झर्लंडमधली लाउटरब्रुनेनची दरी आणि तिच्या आसपासची तळी पाहिली असतील, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत.

देवरूखहून
आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो, तेव्हा घरच्या विहिरीने तळ गाठला होता आणि ऐन उन्हाळ्यात धबधबा कसला पाहणार, असे आई वारंवार विचारत होती. प्रत्यक्षात २९७ मीटर उंचीचा स्टाउबबाख भरात होता. आपला धबधबा पावसावर जगतो आणि दिवाळीनंतर कातळ उघडा पडतो. तिथे मात्र हिवाळाभर साठलेले बर्फ उन्हाने वितळते, म्हणून ऊन चढले की पाणीही चढते. त्याची धार अखंड खाली पोहोचत नाही, वाऱ्याने वाटेतच तिचे तुषार होतात. नावातल्या ‘स्टाउब’चा अर्थ धूळ असा आहे, हे आईच्या चष्म्यावर जमलेले बारीक थेंब पुसताना नीट कळले.

चिपळूणहून
त्याच दरीतला ट्रुमेलबाख धबधबा डोंगराच्या पोटात आहे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या शिखरांवरच्या हिमनद्यांचे पाणी तिथे दहा टप्प्यांनी कोसळते, कधी सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. पाणी राखाडी होते आणि कठड्यावर हात ठेवला की त्याची थरथर कोपरापर्यंत येत होती. आमच्या सवतसडा धबधब्याचा आवाज मोकळ्यावर विरून जातो. ट्रुमेलबाखचा मात्र कातळातच कोंडून राहतो.

मालवणहून
मी कांडरश्टेग गावाच्या वरच्या ओशिनेन तळ्याविषयी लिहितो. दरड म्हटले की आपल्याला बंद पडलेला घाट आणि गाडली गेलेली घरे आठवतात, पण १,५७८ मीटर उंचीवरचे हे तळे दरडी कोसळून पाणी अडल्यामुळेच तयार झाले आहे. त्यातून बाहेर पडणारा ओढा कुठेही दिसत नाही, कारण पाणी त्या दगडगोट्यांमधून जमिनीखालून झिरपत जाते. आमचे धामापूरचे तळे १५३० साली माणसांनी बांध घालून केलेले, आणि भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवरून उतरले की तिथले पाणी अंगाला मानवते. ओशिनेनमध्ये मी पाय बुडवले आणि दहा आकडे मोजेपर्यंत पोटऱ्या बधिर झाल्या. तरीही निघेपर्यंत मी तीनदा पाय बुडवले, आणि ओंजळीत घेतल्यावर त्या निळ्याहिरव्या पाण्याला काहीच रंग उरत नाही, हे प्रत्येक वेळी पुन्हा पाहिले.