पोत्यात गुंडाळलेला कोयता हत्यार कसा होतो?

ऊसकरी, वाळवा:
गेल्या हंगामात आठवडी बाजारातून दोन कोयते घेतले, धार लावून पोत्यात गुंडाळले आणि गाडीला बांधले. एकाचं टोक पोत्यातून बाहेर आलेलं. नाकाबंदीत तेवढंच दिसलं. "३७ लागू आहे, माहीत नाही का?" ३७ म्हणजे हत्यारं बाळगायला मनाई करणारा, पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा आदेश. तीन तास बसवून ठेवलं, कोयते तिथंच राहिले. १९५९ च्या शस्त्र कायद्याची व्याख्याच सांगते की निव्वळ घरगुती वा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र नव्हे. २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे, पण तिथंही शेतीची अवजारं वगळलीत. अवजारांना स्पष्ट सूट लिहिल्याशिवाय ३७ चा आदेश काढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

निशिगंधा, पुणे:
दादा, तुम्हाला त्रास झाला हे खरंच. पण आमच्या गल्लीत दोन पोरं कोयते फिरवत आली, उभ्या रिक्षांच्या काचा फोडून गेली. माझा मुलगा तेव्हा क्लासवरून येत होता. ते कोयतेही शेतीचेच होते. वार झाल्यावर गुन्हा नोंदवून काय करायचं? सूट लिहिली की पकडलेला प्रत्येक जण शेतकरी होईल.

ऊसकरी, वाळवा:
रात्री दीडला शर्टाच्या आत पाठीला लावलेला कोयता आणि सकाळी अकराला पोत्यात बांधलेले दोन, शेजारी खताची गोणी. यातला फरक पोलिसाला कळत नाही, हे मला पटत नाही.

वकील, सातारा:
दोन कायद्यांची गल्लत होतेय. शेतीच्या अवजारांची सूट केंद्राच्या शस्त्र कायद्यात आहे. कलम ३७(१) महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं. त्याखाली शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी तलवारी, चाकू, लाठ्या, काठ्या, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला मनाई करू शकतात. मोडलं तर कलम १३५ खाली शिक्षा. अशा अनेक आदेशांत अशक्तपणामुळे काठी लागणाऱ्याला सूट लिहिलेली असते. मग विळा-कोयत्याची एक ओळ घालायला काय हरकत आहे? ऊसकरींचा मुद्दा तिथं रास्त आहे.

शेफ, पनवेल:
माझी १० इंची सुरी रोज लोकलनं येते-जाते. पाती म्यानात, सगळ्या सुऱ्या कापडी गुंडाळीत, वर हॉटेलचं पत्र. आदेश कधी लागू झाला आणि कधी संपला, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. सण, निवडणूक, मोर्चा, काहीही असलं की निघतो. स्टेशनच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावा, एवढीच मागणी आहे.

निशिगंधा, पुणे:
फलक लावा, मलाही हवाय. सूटही द्या, पण पातं बांधलेलं हवं आणि खरेदीची पावती जवळ हवी. नुसत्या तोंडच्या शब्दावर नको.

ऊसकरी, वाळवा:
पातं बांधू, कबूल. पण ताई, आमचा लोहार भट्टीपुढं बसून कोयता घडवतो, पैसे घेतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. पावती कुणाकडून आणू?