बाजार आपटला की रुपयाही आपटतो का?

हिशेबनीस (धागाकर्ता):
सेन्सेक्स हजार अंकांनी पडला की बातम्यांत 'रुपयाही घसरला' हे ठरलेलंच. ही जोडी आपण उगाच लावतो असं माझं मत. ४ जून २०२४ घ्या. लोकसभेचे निकाल लागले आणि सेन्सेक्स एका दिवसात ४,३०० हून जास्त अंकांनी, म्हणजे जवळपास ६ टक्के कोसळला. रुपया? चाळीसएक पैसे, अर्धा टक्काही नाही. तुम्ही-आम्ही घाबरून शेअर विकले तर रुपये आपल्याच खात्यात येतात. डॉलर मागायला कोण जातंय?

रोखठोक:
आपण नाही जात, परकीय संस्था जातात. शेअर विकले, रुपये हातात आले की डॉलर घ्यायचे आणि चालू पडायचं. २००८ विसरलात? जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर, डॉलर चाळिशीच्या आत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सेन्सेक्स ९ हजारांच्याही खाली, डॉलर पन्नाशीला. योगायोग का हा?

हिशेबनीस:
त्याच वर्षी जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं होतं (तेल घ्यायलाही डॉलरच लागतात) आणि सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, ते सोयीस्कर विसरताय. आणि जपानचं काय? ५ ऑगस्ट २०२४ ला तिथला निक्केई निर्देशांक १२ टक्के पडला आणि येन चक्क वधारला!

डीलिंगवाला:
येन इथे आणू नका राव. तिथे व्याज अनेक वर्षं नगण्य होतं, म्हणून जग येनमध्ये कर्ज काढून बाहेर पैसा लावतं. घबराट झाली की माल विकून कर्ज फेडायला येनच विकत घ्यावा लागतो. त्यात ३१ जुलैला बँक ऑफ जपानने दर वाढवलेले. येन महागला म्हणून निर्यातदारांचे शेअर पडले, हेही तितकंच खरं.

बरं, आपले चाळीस पैसे. रुपया वाकायला लागला की सरकारी बँका डॉलर विकायला उतरतात. कोणासाठी? रिझर्व्ह बँकेसाठी, हे डीलिंग रूममध्ये (बँकेत चलनाची खरेदी-विक्री होते तिथे) शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे रुपयाचा भाव बघून ताण किती होता ते समजत नाही, रिझर्व्ह बँकेची परकीय चलनाची गंगाजळी बघा. सप्टेंबर २०२४ अखेर ७०० अब्ज डॉलरच्या वर होती, जानेवारीत ६३० च्या आसपास आली. (काही घट नुसती मूल्यांकनाची, कारण गंगाजळीत युरो वगैरेही असतात आणि तेही डॉलरपुढे पडले होते.)

आता खरी गोम. ऑक्टोबर २०२४ मध्ये परकीयांनी ९० हजार कोटींहून जास्त शेअर विकले आणि आपल्या म्युच्युअल फंडांनी, विमा कंपन्यांनी ते उचलले. एसआयपीमुळे (म्युच्युअल फंडांत दरमहा जाणाऱ्या ठरावीक रकमेमुळे) बाजार सावरला म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. पण त्यामुळेच परकीयांना चांगल्या भावात बाहेर पडता आलं. भाव चांगला म्हणजे रुपये जास्त, रुपये जास्त म्हणजे न्यायचे डॉलरही जास्त. बाजार कमी घसरला तर रुपयावरचा ताण वाढूही शकतो!

हिशेबनीस:
मग मी वेगळं काय म्हणत होतो? सेन्सेक्स बघून रुपया कळत नाही.

रोखठोक:
वा रे! 'डॉलर मागायला कोण जातंय' हे कोणी विचारलं होतं?

पुणेकर_आई:
तुमचं चालू द्या. मुलीची अमेरिकेतली फी ऑगस्टमध्ये भरायची आहे. बाजार पडतोय, आत्ताच पैसे पाठवू का?

डीलिंगवाला:
ताई, निर्देशांकाकडे बघू नका. एनएसडीएलच्या (शेअर डिजिटल रूपात सांभाळणारी संस्था) साइटवर परकीय गुंतवणुकीचे रोजचे आकडे असतात, ते बघा आणि तेलाचा भाव. विद्यापीठ घेत असेल तर निम्मी फी आत्ता पाठवा.

रोखठोक:
निम्मी कशाला, सगळी पाठवा. रुपया वधारायची वाट बघत माझा भाऊ दोन सेमिस्टर बसला होता.