अनुभव धागा: आफ्रिकेतला एसटीछाप प्रवास (सिंहवाल्यांनी नंतर या)

खिडकीचीसीट

परवा एका लग्नात पंगतीत शेजारच्या काकांनी विचारलं, आफ्रिकेला गेलेलीस ना, मग सिंह बघितलास का? म्हटलं सिंह नाही काका, पण साडेतीन दिवस एकाच रेल्वेच्या डब्यात बसलेले. काकांनी विषय बदलून जिलबी मागितली. म्हणून हा धागा. लॉज, जीप, तंबूत बाथटब वगैरे राहू दे बाजूला. जे तिकडे लोकल बसने, ट्रकवर, आगगाडीने, बोटीने, कमी पैशात फिरलेत त्यांनी लिहा. कुठे बूड शेकलं, कुठे पोट बिघडलं आणि काय बघून तोंडाचा आ झाला, सगळं चालेल.

सुरुवात माझ्यापासून. २०१३, टाझारा रेल्वे, टांझानियातल्या दार एस सलामपासून झांबियातल्या न्यू कापिरी म्पोशीपर्यंत, १८६० किमी. ही लाइन चीनने सत्तरच्या दशकात बांधून दिली, कारण झांबियाचं तांबं तेव्हाच्या गोऱ्यांच्या ऱ्होडेशियातून (आजचा झिम्बाब्वे) न नेता बंदरापर्यंत पोचवायचं होतं. वेळापत्रकात दोन दिवस लिहिलेत. वेळापत्रक वाचायला छान आहे.

अख्खं कंपार्टमेंट बुक केलं नाही तर बायका वेगळ्या आणि पुरुष वेगळे, त्यामुळे नवरा चार डबे पुढे आणि मी तिघी मामांबरोबर. तिकडे मोठ्या बाईला मान देऊन मामा म्हणतात, मला पहिला दिवसभर हसू आवरेना, मिशीवाला मामाच डोळ्यासमोर यायचा. पहिल्या संध्याकाळी गाडी तेव्हाच्या सेलूस अभयारण्यातून गेली, अचानक खिडकीबाहेर जिराफ, सात-आठ, गाडीला घाबरून ती हळू सिनेमातल्यासारखी पळतात ना तशी पळत होती. मी किंचाळले. खिडकीजवळच्या मामांनी मान वर करून "ट्विगा" म्हटलं आणि परत लोकर विणायला घेतली. कोकण रेल्वेत कुणी नारळाचं झाड बघून किंचाळलं तर आपण काय करू, तेच.

दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी संपलं. मग इंजिन बिघडलं आणि एका छोट्या स्टेशनावर आम्ही अकरा तास उभे. संडासाचं वर्णन करत नाही, कल्पना करा आणि त्यात थोडी भर घाला. तेवढ्यात त्याच मामा खाली उतरून कुठूनतरी पिवळा कॅन भरून घेऊन आल्या, मला दाराशी बोलावलं आणि माझ्या ओंजळीत थोडं थोडं पाणी ओतत राहिल्या, थांबून थांबून, तोंड धुवून होईपर्यंत. माझी आजी परसात घालायची तसं. भाषा एकमेकींची शून्य. मी त्यांना चिवडा दिला, तो त्यांनी एकेक शेंगदाणा वेचून खाल्ला आणि पोहे मुलाला दिले.

हद्द ओलांडल्यावर जेवणाच्या डब्यात टांझानियाचे शिलिंग घेईनात, झांबियाचा क्वाचा पाहिजे म्हणाले. सकाळी त्याच वेटरने त्याच टेबलावर शिलिंग घेतले होते.

पिठलंभात

धागा मस्त. माझा इथिओपिया, जानेवारी २०१७, पण बसच्या तिकिटावर साल लिहिलेलं २००९. त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे आणि महिने तेरा. बरं ते वाचून गेलो होतो. पण घड्याळाचं विसरलो. तिकीटवाला म्हणाला बारा वाजता या, मी आपला पोटभर झोपून, कॉफी पिऊन साडेअकराला स्टँडवर हजर. सगळीकडे शांतता, एक कुत्रं. तिकडे दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो म्हणजे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि बारा म्हणजे पहाटेचे सहा. माझी बस साडेपाच तासांपूर्वीच गेलेली. स्टँडवरच्या चहावाल्या पोरीला इतका आनंद झाला की तिने तीन माणसांना बोलावून माझी गोष्ट परत परत सांगितली.

दुसऱ्या दिवशी मिळाली बस. आता खिडक्या. ६० माणसं, बाहेर ऊन रणरणतंय आणि खिडकी उघडली की मागून कुणीतरी येऊन बंद करणार, वारा लागला की आजारी पडतात असं ठाम मत. मी चार बोटं उघडायचो, मागचे आजोबा चार बोटं बंद करायचे, दोनशे किलोमीटर आमचं हेच चाललं होतं. शेवटी तेच आजोबा उतरताना म्हणाले, "तू इंडियन? माझा गणिताचा सर इंडियन होता." बादशहा हैले सेलासीच्या काळात आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिकडच्या शाळांत होते. सर फार मारायचे का विचारलं तर नुसते हसले.

आणि शाकाहारी लोकहो, इथिओपियाला जा. बुधवार आणि शुक्रवार त्यांचा उपास, त्या दिवशी दूध-अंडं-मांस काही नाही, त्यामुळे कुठल्याही टपरीवर ताट भरून डाळी-भाज्या. त्यात शिरो म्हणून येतं ते चक्क पिठलं. खाली आंबोळीसारखी मोठ्ठी आंबट जाळीदार इंजेरा, वर पिठलं. मी पहिला घास घेतला आणि पाठीवरची सॅक न काढताच जेवलो.

दारची

मी दार एस सलाममध्येच वाढले, बाबा नोकरीला होते, त्यामुळे जरा वेगळं बोलते, राग मानू नका. तुम्ही ज्याला अनुभव म्हणता त्या डालाडालाने मी चार वर्षं क्लासला जायचे. मिनीबस असते, कंडक्टरला कोंडा म्हणतात, दाराला लटकून ओरडत असतो आणि हातातली नाणी खुळखुळवतो म्हणजे पैसे काढा. गाडीत जागा संपली असं कधी होत नाही. "भरली की सुटते" ह्यावर पर्यटक खूप लिहितात, पण ज्या बाईचे टोमॅटो मागे टोपलीत पिकतायत तिला तो उशीर गंमत वाटत नाही, आणि तिला दुसऱ्या दिवशी विमानाने घरी पण जायचं नसतं.

बाकी वर ते बारा वाजताचं लिहिलंय तो घोळ स्वाहिलीत पण आहे. सा मोजा म्हणजे शब्दशः एक वाजता, म्हणजे आपले सात. तिकीट काढताना सकाळी का रात्री आणि कुणाच्या घड्याळात हे बोटाने दाखवून विचारायचं.

आणि स्वाहिलीला घाबरू नका. साबुनी म्हणजे साबण, रंगी म्हणजे रंग, हेसाबु म्हणजे हिशेब, चाय म्हणजे चाय, चपाती म्हणजे चपाती. दुकानाला दुका. अर्धं तर तुम्हाला येतंच.

खिडकीचीसीट

@दारची, टोमॅटोचं खरंय. माझ्या मामांची पण कुठेतरी कुणीतरी वाट बघत असणारच त्या अकरा तासांत, माझ्या डोक्यातच आलं नाही.

पावभजी

आयडीचं कारण सांगतो. मूळचा म्हापशाचा, मोझांबिकला २०१५ मध्ये फिरलो. मापुतोमध्ये सकाळी रस्त्यावर एक बाई तेलात भजी सोडत होती, चवळी वाटून केलेली, शेजारी पावाची टोपली. पावाला पांव म्हणतात, भजीला बाजिया. पाव चिरला, आत चार बाजिया दाबल्या, वर मिरचीचा लाल ठेचा, दिला हातात. मी तिथेच उभा राहून तीन खाल्ले. दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य, १७५२ पर्यंत तर मोझांबिकचा कारभारच गोव्यातून चालायचा, त्यामुळे पाव तिकडेही असणार हे डोक्याला माहीत होतं, जिभेला नव्हतं.

त्रास म्हणाल तर चापा, म्हणजे तिकडची मिनीबस. नांपुलाहून मोझांबिक बेटावर जायचं होतं, पहाटे चारला चापात बसलो, सुटली साडेसातला. चार जणांच्या बाकावर सहा, मांडीवर कुणाचंतरी मूल, पायाखाली पाय बांधलेल्या कोंबड्या, मागच्या बाजूला मासे. गुडघा कुणाचा आहे ते चिमटा काढून बघावं लागेल अशी स्थिती. एक कोंबडी माझ्या बुटाची नाडी चोचीने ओढत होती, सुटेपर्यंत ओढली तिने. मग एकदाचं बेट आलं, समुद्रावरून तीनेक किलोमीटरचा अरुंद पूल, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, आणि दोन्हीकडे ते हिरवं पाणी. बेटावरची दगडी घरं, लाकडी खिडक्या, उडालेला पिवळा रंग... पणजीच्या फोंताइन्यशमधून चाललोय असं वाटत होतं, फक्त अंगावरून लोक मकुआ भाषेत बोलत जात होते.

रात्रपाळी

केनिया. नैरोबी-मोंबासा रात्रीची बस, टायर गेला, स्टेपनी पण पंक्चर. ड्रायव्हर म्हणाला चला मकिंडूला. मकिंडूला काय आहे तर रस्त्याला लागून गुरुद्वारा, १९२६ चा. रेल्वे बांधायला १८९६ ते १९०१ मध्ये इंग्रजांनी हिंदुस्थानातून ३० हजारांवर मजूर नेले, अडीच हजाराच्या आसपास मेले, त्या लाइनीवरचं हे ठिकाण. रात्री अडीचला आख्खी बस, त्यात मी एकटा भारतीय, बाकी सगळे केनियन, मांडी घालून डाळ-चपाती खातायत आणि मीच मेला नवखा, रुमाल डोक्याला बांधायचा हे एका मोंबासाच्या मुसलमान आजोबांनी मला शिकवलं. पैसे घेत नाहीत. टायर कसा आला माहीत नाही, मी झोपलो होतो.

लोहगाडी

पूर्वेकडचंच सगळं चाललंय म्हणून पश्चिमेकडचं टाकतो. मॉरिटानिया, २०१८, लोखंडाच्या खनिजाची मालगाडी. झुएरातच्या खाणीपासून नुआधिबू बंदरापर्यंत ७०० किमी, सगळं सहारा. दोनशेच्या वर डबे, लांबी अडीच किलोमीटरपर्यंत. आम्ही मधे शूम नावाच्या गावी चढलो, भाडं शून्य, कारण बसायचं खनिजाच्या ढिगावर.

सोय म्हणजे काय, ढिगात हाताने खड्डा करायचा आणि त्यात गोधडी. तोंडाला पंचा, डोळ्याला गॉगल. गाडी सुटते तेव्हा आधी काहीच होत नाही, मग लांबून धाड-धाड-धाड असा आवाज जवळ जवळ यायला लागतो, एकेक डबा मागच्याला ओढत येतो, आणि तुमच्या डब्याची पाळी आली की पाठीत गुद्दा. रात्रभर हे. दिवसा भाजून निघालेलो, रात्री दात वाजत होते. सकाळी उतरलो तेव्हा चौघांपैकी कोण कोण ते ओळखू येत नव्हतं, पुढे आठवडाभर कानातून काळं निघत होतं आणि तो पंचा आईने घरात घेतलाच नाही.

पण मधे कधीतरी तीनला जाग आली. कुठेच दिवा नाही, ढिगावर उताणा पडलेलो आणि चांदणं इतकं की मला शुक्र का काय ते शोधताच येईना. लहानपणी गावाला गच्चीवर झोपायचो तेव्हा होतं एवढं, नंतर नाही. शेजारचा मॉरिटानियन पोऱ्या त्या हलत्या ढिगावर छोटी शेगडी पेटवून चहा करत होता. तीन पेले प्यावे लागतात तिकडे, एकावर उठलं तर अपमान. उठून जाणार कुठे म्हणा.

हिशेबनीस

रोमान्स पुरे, थोडं कामाचं. यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, ते पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा, सुटकेसमध्ये नको. माझ्या ओळखीच्या एकाने कार्ड तिकडेच हरवलं आणि परत येताना आपल्याच विमानतळावरून त्याला थेट विलगीकरणात, सहा दिवस, बायको काचेतून टाटा करतेय. डॉलर नेणार तर फार जुन्या नोटा घेत नाहीत, घडी पडलेली, पेनाची रेघ असलेली पण नाही. केनिया, युगांडा, रवांडा मिळून एक व्हिसा मिळतो, १०० डॉलर, ९० दिवस. बाकी आपल्या पासपोर्टावर एका वकिलातीत मला पाच खेपा घालायला लावल्या, प्रत्येक वेळी नवीन कागद, पाचव्यांदा म्हणाले पहिलाच बरोबर होता.

इस्त्रीवाली

मलावी. आधी चांगलं सांगते. आम्ही गेलो तेव्हा सरोवरात इलाला नावाची जुनी बोट चालायची, वरच्या डेकवर उघड्यावर झोपायचं, खालच्या डेकवर माणसं, मका आणि वाळवलेल्या उसिपा माशांची पोती. मालवणच्या आहोत त्यामुळे सुकटीचा वास आम्हाला वास वाटला नाही, सोबतची जर्मन मुलगी मात्र दोन दिवस जेवली नाही. लिकोमा बेटाला तेव्हा धक्का नव्हता, रात्री छोट्या होड्या यायच्या आणि अंधारात त्यात उतरायचं, बकऱ्या, गादी, सायकल, आपण, सगळे एकाच शिडीवरून.

मग घरी आल्यावर कमरेवर फोड. दोन. वाटलं गळू असेल, हळद लावली. चौथ्या दिवशी आरशात नीट बघितलं तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढं काळं भोक, आणि ते हललं. पुट्झी माशी, काही जण मँगो फ्लाय म्हणतात. वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते, कपडा घातला की अळी कातडीत. उपाय म्हणजे भोकावर व्हॅसलिनचा थर, तिला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, मग दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. नवऱ्याने काढल्या, एकेक, तांदळाच्या दाण्यापेक्षा जाड, आणि तो त्यानंतर अर्धा तास गॅलरीत उभा होता.

तिकडे प्रत्येक गेस्टहाउसात कोळशाची इस्त्री का होती आणि मावशी माझ्या हातातून ओले कपडे का ओढत होती ते तेव्हा कळलं. मी आपली "नको नको, सुरकुत्या चालतील" करत होते.

पिठलंभात

जेवताना वाचलं. धन्यवाद.

नवीनबॅग

सप्टेंबरमध्ये मलावीलाच चाललोय, आजच हा धागा सापडला. म्हणजे सगळ्याच कपड्यांना इस्त्री करायची का? आतल्या पण?

इस्त्रीवाली

आधी आतल्या. दोन्ही बाजूंनी.