मदत हवी आहे: खानदेशातून काँग्रेस अधिवेशनांना गेलेल्या प्रतिनिधींची नावं कुठे मिळतील?

अमळनेरकर: १८८५ ते १९४७ या काळात आमच्या तालुक्यातून राष्ट्रीय सभेच्या (म्हणजे काँग्रेसच्या) अधिवेशनांना प्रतिनिधी म्हणून कोण कोण गेलं, याची यादी वाचनालयासाठी करतोय. गावात विचारलं की घरोघरी 'आमचे आजोबा फैजपूरला होते' हेच ऐकू येतं. कागदावरचा पुरावा कुठे बघू?

तापीकाठ: भाऊ, हजर असणं वेगळं आणि प्रतिनिधी असणं वेगळं. फैजपूरचं अधिवेशन (२७-२८ डिसेंबर १९३६) खेड्यात भरलेलं पहिलंच, त्यामुळे आसपासच्या गावांतून माणसं लोटली होती. प्रेक्षक, स्वयंसेवक, स्वागत समितीचे सभासद आणि प्रतिनिधी असे चार गट वेगळे ठेवा. घरात स्वागत समितीची पावती निघाली म्हणून तो माणूस प्रतिनिधी ठरत नाही. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो.

सुरुवातीच्या वर्षांचं काम त्या मानाने सोपं. अधिवेशनाच्या छापील इंग्रजी अहवालाला प्रतिनिधींची यादी जोडलेली असते: नाव, जात-धर्म, व्यवसाय, गाव आणि कोणत्या सभेने किंवा संस्थेने निवडलं ते. आधी १८८९ ची मुंबई आणि १८९५ चं पुणे काढा, दोन्ही आपल्याच मुंबई इलाख्यातली. काही नोंदींत आडनावच नसतं, शिवाय इंग्रजी स्पेलिंग वाटेल तसं. म्हणून आडनावावर न शोधता गाव आणि धंदा धरून शोधा. तालुक्याच्या गावचा वकील त्यात लवकर सापडतो. आणि जिल्हा तेव्हा एकच, 'खानदेश'. पूर्व-पश्चिम झाले १९०६ मध्ये.

अमळनेरकर: धन्यवाद दादा. १९२० नंतरचं कसं करायचं?

जुनं दप्तर: नागपूर अधिवेशनात १९२० ला मंजूर झालेल्या काँग्रेसच्या घटनेने (नियमावलीने) पक्षाचे प्रांत भाषावार झाले आणि खानदेश महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेस समितीकडे आला. प्रमाण ठरलं ५०,००० लोकवस्तीमागे एक प्रतिनिधी. १९३४ मध्ये सबंध देशासाठी २,००० ची मर्यादा आली आणि प्रांतातले प्रतिनिधी म्हणजेच प्रांतिक समिती, असा नियम झाला. तुमच्या कामाचं कलम हेच: त्यानंतरच्या वर्षांची प्रांतिक समितीची सभासद-यादी हाती आली की प्रतिनिधी मिळालेच. अखिल भारतीय समितीची जुनी कागदपत्रं दिल्लीला तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत. तिथे 'महाराष्ट्र' प्रांताखाली मागा. 'मुंबई' हा शहरापुरता वेगळा प्रांत होता, त्यात खानदेश सापडणार नाही.

अध्यक्ष निवडायला प्रतिनिधीच मतं देत, पण फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी मतदान झालंच नाही, पटेलांनी नाव मागे घेतलं आणि नेहरू निवडून आले. त्यामुळे त्या वर्षीची मतदार-यादी शोधण्यात वेळ घालवू नका. २९ जानेवारी १९३९ ला मात्र अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस विरुद्ध पट्टाभी सीतारामय्या अशी लढत होऊन प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात मतं दिली (१,५८० विरुद्ध १,३७७). त्या आठवड्यांतले 'केसरी'चे अंक चाळा.

अमळनेर, चोपडा, एरंडोल पूर्व खानदेशात. शिरपूर, शिंदखेडा पश्चिमेत. तुमच्या यादीत प्रत्येक नावापुढे अधिवेशनाचं वर्ष आणि कोणत्या कागदावरून नाव घेतलं तो रकाना ठेवा. नुसत्या ऐकीव नावांची यादी वेगळी करा, पण फेकू नका. त्यातली काही नावं स्वयंसेवकांच्या यादीत निघतील.