मदत हवी आहे : वर्कशॉपच्या उंच पत्र्याला आतून काय लावावं?

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. शेड मध्यावर 22 फूट उंच, वर साधा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा. उन्हाळ्यात दुपारी लेथवरची पोरं अक्षरशः भाजून निघतात. पंखे गरम हवाच खाली ढकलतात. थंडीत पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि खाली टपकतं. रात्री टर्न करून ठेवलेल्या शाफ्टवर सकाळी तांबूस ठिपके. मला याचंच जास्त वाईट वाटतं, तयार जॉब परत पॉलिश करावा लागतो.

फॉल्स सीलिंग नको, चेनपुलीचा गर्डर आडवा येतो. पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) चांगलं, पण फोम पेट घेतो आणि आमच्याकडे ठिणग्या रोजच्याच. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची गादी) जळत नाही, मात्र ओलं झालं की निकामी; खालून फॉइल लावली तरी सांध्यांतून वाफ शिरणारच ना? बबल फॉइल (हवेच्या फुग्यांची चकचकीत शीट) स्वस्त आहे, पण पत्र्याला चिकटवली तर उपयोग कमी, मध्ये हवेची पोकळी हवी.

सांगली-मिरजेकडे कुणी पत्रे न काढता, पर्लिनखालून (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांखालून) ग्लासवूल बसवलंय का? जाळी कुठली वापरली, सांधे कसे बंद केले? पावसाळ्यानंतर ते कसं राहिलं, हे कृपया नक्की सांगा.