मदत हवी आहे : इलेक्ट्रिक टूथब्रश घेऊ, का साधाच बरा?

मागवाला :

नमस्कार मंडळी.

वय ४३, राहणार जुळे सोलापूर, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. हे शेवटचं मुद्दाम सांगितलं, कारण खर्चाचा मेळ लागल्याशिवाय मला झोप येत नाही आणि हा मेळ तीन आठवडे झाले लागेना.

मागच्या महिन्यात रात्री जेवताना कडक भाकरीचा तुकडा दातानं मोडला. शेंगाचटणी लावायला तोच तुकडा पुन्हा हातात घेतला, तर कडेला लाल डाग. आधी वाटलं चटणीच असेल. पण चटणी अजून लावलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी हातात आरसा दिला आणि वरच्या डाव्या सुळ्यावर, दात हिरडीत शिरतो तिथं नख फिरवायला लावलं. नख अडकलं. म्हटलं, कीड लागली वाटतं. ते म्हणाले, "कीड नाही, ही खाच तुम्हीच पाडलीय." मी उजव्या हाताचा, त्यामुळे डाव्या बाजूला जोर जास्त पडतो म्हणे. त्यात मी आजवर पाकिटावर 'हार्ड' लिहिलेलाच ब्रश घेत आलोय. चादर धुवायला कडक ब्रश लागतो तर दातांना मऊ कसा चालेल, असा आपला सरळ हिशेब.

डेंटिस्टनी दात साफ करून घ्या आणि सॉफ्ट ब्रश वापरा एवढंच सांगितलं. इलेक्ट्रिकचं खूळ आमच्या पुण्याच्या मेहुण्यानं डोक्यात घातलं. तो आला होता तेव्हा बेसिनपाशी उभा राहून घुर्र घुर्र करत होता आणि तोंडात फेस असतानाच मला फायदे समजावत होता. बायकोचं म्हणणं, "हात मोडलेत का तुमचे?"

तर विचारायचं असं की दोन हजाराच्या ब्रशनं चाळीसच्या ब्रशपेक्षा खरंच काही जास्त होतं का? आधीच खाच पडलेली, त्यात मोटर फिरवली तर ती वाढणार नाही का? पाणी जास्त लागतं का, कारण आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. आणि घेतला तर एकाच दांडीवर घरातल्या सगळ्यांना आपापलं हेड लावून चालेल का? (आई धरून चौघं आहोत. तिचं वय ७१. विड्या वळून वळून बोटं आखडलीत, ब्रश धरवत नाही, म्हणून ती बोटानंच मंजन लावते. म्हणजे ब्रश लागणारे तसे तिघंच.)

गड्ड्यातला पाळणा :

काय बे, दोन हजाराचा ब्रश घेऊन काय करूलालास? सॉफ्ट ब्रश घे की चाळीसचा. उरलेल्या पैशात सगळे मिळून हुरड्याला जाऊ.

तीनफेज :

वरच्यांचा हिशेब चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. मी सहा वर्षं वापरतोय, दुसरा ब्रश चालू आहे.

बाजारात ढोबळमानानं दोन जाती. एक, लहान गोल डोक्याचा, जो अर्धवट गोल फिरून उलटा येतो. दुसरा, नेहमीच्या ब्रशसारख्या लांबट डोक्याचा 'सोनिक'. तो फिरत नाही, नुसता थरथरतो, मिनिटाला तीस हजारांच्या आसपास. तीन-चारशेला पेन्सिल सेलवरचे मिळतात ते तिसरंच प्रकरण. त्यांच्यात बहुतेकदा टायमर नसतो, दाब कळायची सोय नसते आणि सेल उतरायला लागला की थरथरही उतरते.

आता तुमच्या आवडीचं. दांडी दोन हजाराची, पाच वर्षं टिकली असं धरा, म्हणजे वर्षाला चारशे. हेड तीन महिन्यांनी बदलायचं, एक अडीचशेला, म्हणजे वर्षाला हजार. एकूण चौदाशे. साधा ब्रश तीन महिन्यांनी बदलला तरी वर्षाचे एकशेसाठ. म्हणजे खरा खर्च हेडचा आहे, दांडीचा नव्हे. दाढीचं यंत्र स्वस्त आणि पाती महाग, तोच धंदा. पाच वर्षंही नशिबाची बरं का. बॅटरी आत सीलबंद असते, ती मेली की आख्खी दांडी कचऱ्यात.

माझा पहिला ब्रश ऑनलाइन स्वस्तात घेतलेला, नावगाव नसलेला. वर्षभरात त्याची हेड मिळायची बंद झाली. दांडी अजून ठणठणीत आहे, कपाटात पडून. तेव्हा आधी हेड कुठं मिळतं ते बघा, मग दांडी घ्या. चौघांत एक दांडी चालते, हेडच्या बुडाला वेगवेगळ्या रंगाची कडी येते ती त्यासाठीच. फक्त दांडीसुद्धा रोज पुसा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आणि पेस्टचा काळपट चिकटा हेडखाली साचतो. पहिल्यांदा हेड उपसून बघाल तेव्हा जेवण जाणार नाही. पाणी मात्र जास्त लागत नाही. एक तांब्या दोघांकडंही तेवढाच.

दाढदुखी :

मी दंतवैद्य, प्रॅक्टिस सोलापुरात नाही. मागवाला, तोंडात न बघता सांगतोय हे लक्षात ठेवून वाचा.

आधी रक्ताचं. हिरडीतून रक्त आलं की लोक तिथं घासायचं बंद करतात. बहुतेक वेळा होतं असं की हिरडीच्या कडेला प्लाक, म्हणजे जंतूंचा मऊ थर बसलेला असतो, त्यानं हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून रक्त येतं. घासणं थांबवलं की थर वाढतो, सूजही वाढते. हाच थर काही दिवसांत कडक होऊन टार्टर बनतो, आणि तो निघायला चाळीसचा ब्रश उपयोगाचा नाही आणि वीस हजाराचाही नाही. तो स्केलिंगनंच, म्हणजे दवाखान्यात यंत्रानं किंवा अवजारानं खरवडूनच निघतो. स्केलिंगनं दात हलतात ही समजूत गावोगावी आहे. टार्टरच्या मागं हाड आधीच खाली गेलेलं असतं, थर काढल्यावर ते जाणवतं आणि आळ आमच्यावर येतो. साफ करून घ्या, आणि पन्नाशीकडं चाललाय तर एकदा साखरही तपासा. मधुमेह आणि हिरड्यांचं दुखणं एकमेकांना वाढवतात.

आता तुमचा प्रश्न. कॉक्रेन म्हणून वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था आहे, तिचा २०१४ चा आढावा आहे, ५६ चाचण्या, पाच हजारांवर माणसं. इलेक्ट्रिक वापरणाऱ्यांत तीन महिन्यांनंतर प्लाक २१ टक्के कमी आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी दिसली. भरवशाचा पुरावा जास्त करून गोल डोक्याच्या, उलटसुलट फिरणाऱ्या ब्रशबद्दल आहे. म्हणजे फरक आहे. पण त्यामुळे म्हातारपणी चार दात जास्त उरतात का, हे त्या आढाव्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ही सरासरी आहे. माझ्याकडं साध्या ब्रशनं चकचकीत बत्तिशी ठेवणारे आजोबा येतात आणि महागडा ब्रश घेऊन वीस सेकंदांत उरकणारी पोरंही येतात.

खाचेबद्दल : ती पाडणारे तिघं जण. कडक केस, आडवा करवतीसारखा हात आणि खरखरीत मंजन. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड, सगळं त्यातच आलं. इलेक्ट्रिक ब्रश नीट धरला तर खाच वाढवायचं कारण नाही, उलट बऱ्याच ब्रशांत दाब जास्त झाला की लाल दिवा लागतो किंवा वेग उतरतो. तुमच्यासारख्या जोरकस माणसाला त्या दिव्याचाच उपयोग जास्त. पण तो हातात घेऊन पुन्हा करवत चालवलीत तर मात्र कठीण. घासायचंच नाही. एका दातापाशी दोन-तीन सेकंद टेकवायचा आणि पुढं सरकायचं. दोन मिनिटं पुरी, तोंडाचे चार भाग, प्रत्येकी अर्धा मिनिट. साधा सॉफ्ट ब्रशही हिरडीच्या रेषेशी तिरका, साधारण ४५ अंशांत धरून बारीक हलवलात तर तुमचं काम भागेल.

तुम्ही कंसात टाकलंय ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिला चालणारा इलेक्ट्रिक ब्रश निघाला, ब्रॉक्सोडेंट नावाचा. भिंतीतल्या प्लगाला वायर लावून चालायचा. तो निघाला होता ज्यांचा हात नीट चालत नाही त्यांच्यासाठी, आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी. तुमच्या घरात ज्यांच्यासाठी हे यंत्र बनलं त्या आईच आहेत आणि त्यांनाच तुम्ही मोजणीतून वगळलंत. जाड दांडी, हात हलवायची गरज नाही, नुसता धरायचा.

एक विचारतो. आईचं मंजन म्हणजे मशेरी का?

मागवाला :

डॉक्टर, होय. लहानपणापासून. दहा वर्षांपूर्वी सोडली असं ती सांगते. बायको म्हणते, सोडली नाही, डबी बदलली.

दाढदुखी :

मग ब्रशच्या आधी त्यांना तोंड दाखवायला न्या. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच बंदी केली, पण तव्यावर घरी भाजणाऱ्याला कोण अडवणार? गालाच्या आत, जिभेच्या कडेला पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, हे बघून घ्या. घाबरवत नाही, पण उशीर करू नका.

सुईदोरा :

मागवाला दादा, सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं सगळं मी करते, म्हणून लिहिते.

इलेक्ट्रिक आणायच्या आधी आम्ही साध्या ब्रशच्या दांडीला टॉवेलची पट्टी गुंडाळून वर दोन रबर लावले होते. जाड मूठ झाली की आखडलेल्या बोटांतही ब्रश बसतो. तुमच्याकडं तर टॉवेलच्या चिंध्यांना तोटा नसेल. त्यावर वर्ष काढलं. पट्टी आठवड्याला बदलायची, नाहीतर वास मारते.

नंतर इलेक्ट्रिक घेतला. पहिले चार दिवस मामा, म्हणजे सासरे, तोंडच उघडेनात, तोंडात भुंगा शिरल्यासारखं वाटतं म्हणत. मग मी बंद ब्रश तळहातावर टेकवून चालू करून दाखवला, मग गालावर, आणि मग दातावर. आणखी एक, ब्रश तोंडात घातल्यावरच बटण दाबायचं आणि बंद करूनच बाहेर काढायचा. हे कोणी सांगत नाही. पहिल्या दिवशी आरसा, भिंत आणि माझा चष्मा, सगळीकडं पेस्ट.

आईंना कवळी किंवा हलणारे दात असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. हृदयाला पेसमेकर असेल तरीही विचारा, चार्जरच्या पत्रकात तसं लिहिलेलं असतं.

गड्ड्यातला पाळणा :

मी गंमत केली होती. हुरडा राहू दे, आईला घेऊन जा आधी.

मागवाला (पाच आठवड्यांनी) :

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो, मधेच गायब होणाऱ्यांचा मलाही राग येतो.

माझं स्केलिंग झालं. दात हलले नाहीत, फक्त खालच्या पुढच्या दातांत फटी दिसायला लागल्या आणि दोन दिवस जीभ तिथंच जात होती. स्वतःसाठी सॉफ्ट ब्रश घेतला, चाळीसचाच. मोबाइलवर वेळ लावून पाहिली, मला वाटायचं मी चांगलं पाच मिनिटं घासतो. भरली अडतीस सेकंद. आता दोन मिनिटं करतो, ब्रश तीन बोटांत पेनासारखा धरतो, म्हणजे जोरच लागत नाही. भाकरीवर डाग आलेला नाही. खाच आहे तशीच आहे, झणझणलं तर भरून घेऊ असं ठरलंय.

आईला नेलं. डाव्या गालात आत पांढरट भाग निघाला, रुपयाच्या नाण्याहून लहान. डबी बंद करायला सांगितली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. दुसऱ्या वेळी तो फिका झालेला दिसला, तरी महिन्यानं परत दाखवायचंय. डबी बायकोनं फेकली. त्यावरून घरात जे झालं ते इथं लिहीत नाही.

ब्रश आणला तो आईसाठी. गोल डोक्याचा, चार्जिंगचा, दाबाचा दिवा असलेला. बिल बघून तिनं दोन दिवस हात लावला नाही. सुईदोरा ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी तळहातावर चालू करून दाखवला. तिनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "लांबून माग चालल्यावानी वाजतंय." आता सकाळी स्वतः घेते. अर्ध्या मिनिटाला तो मधेच थबकतो, ती बाजू बदलायची खूण असते, तर प्रत्येक वेळी तिला वाटतं बिघडला, आणि ती मला हाक मारते.

रात्री मात्र अजून टाळते. दिवसभर मशेरी लावायची सवय होती, रात्री दात घासायची कधीच नव्हती. कुणाकडं यावर काही युक्ती असेल तर सांगा. आणि तीनफेज साहेब, तुमचं ऐकून आधी हेडच शोधली. इथं नव्या पेठेत दोन दुकानांत विचारलं, एकाकडं होती पण मध्यम केसांची. एक्स्ट्रा सॉफ्ट हेड सोलापुरात कुणाला मिळालंय का, का ऑनलाइनच मागवू?